रिमोटवर टाकला की ऐकत नाही: इंजेक्शन पंपाचा व्हीएफडी

पॅनेलमागचा | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी टाकायला नऊ दिवस उरलेत आणि एक पंप मला झोपू देत नाहीये.

इंजेक्शन पंप, म्हणजे कंडेन्सरला पाणी देणारा, मोटर ९० किलोवॅट, ४१५ व्होल्ट. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी, स्प्रे पाँडजवळच्या (पाणी फवारून गार करायच्या तळ्याजवळच्या) पंपहाऊसमध्ये. कंट्रोल रूम पॅन फ्लोअरशेजारी (साखरेचा माल शिजतो तो मजला), केबलच्या वाटेने २२० मीटर. लोकलला, म्हणजे कीपॅडवरून, पंप अगदी शहाण्यासारखा चालतो. लोकल-रिमोट स्विच रिमोटला टाकला की तीन त्रास सुरू होतात.

कंट्रोल रूममधून चालू केला तर कधी घेतो, कधी घेत नाही. स्विच दोनतीनदा फिरवला की घेतो. वेग मागितला ४० हर्ट्झ तर ४२ च्या आगेमागे हलत राहतो, ३० मागितला तर ३४ दाखवतो. आणि ज्यासाठी हे लिहितोय ते म्हणजे ट्रायलमध्ये दोनदा रिमोटवरून बंद केला आणि पंप बंद झालाच नाही. पंपहाऊसमधल्या हेल्परला फोन केला. त्याने कीपॅडचं लाल बटण दाबलं, त्यालाही दाद नाही. शेवटी ब्रेकर पाडला.

ड्राइव्ह कंपनीच्या इंजिनिअरने कंट्रोल कार्ड बदलून पाहिलं. फरक शून्य. आता वरून म्हणतायत की अख्खा ड्राइव्ह बदला. मला ते पटत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा असेल असं वाटत नाही.

---

नाना_वायरमन | रात्री ११:४१

ड्राइव्हला हात लावू नका. कीपॅडवरून चालतो म्हणजे ड्राइव्ह, मोटर, पंप तिघेही धडधाकट आहेत. रोग टर्मिनलच्या बाहेर आहे. २२० मीटरच्या केबलमध्ये काय काय भरलंय ते लिहा. किती कोअर, शिल्ड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) आहे का, कुठल्या व्होल्टेजचं काय जातं?

---

रेणुका_इन्स्ट्रु | मंगळवार, सकाळी ७:०५

नानांशी सहमत, एक पुस्ती जोडते. कीपॅडवरून चालवताना ड्राइव्ह टर्मिनलकडे बघतही नाही. त्यामुळे ‘कीपॅडवर चालतो’ याने टर्मिनलपलीकडच्या वायरिंगबद्दल काहीच कळत नाही.

आज एकच करा. बहुतेक ड्राइव्हच्या मॉनिटर मेनूत डिजिटल इनपुटची अवस्था दिसते, ०-१ च्या रांगेत. ती स्क्रीन उघडी ठेवून एक माणूस ड्राइव्हपाशी उभा करा आणि कंट्रोल रूममधून दहा वेळा चालू-बंद करा. पंप घेत नाही तेव्हा बिट ० च राहिला, तर आज्ञा पोचतच नाही. बंद केल्यावर बिट १ च राहिला, तर ड्राइव्ह बिचारा आज्ञाधारकच आहे, त्याला कोणीतरी ‘चाल’ म्हणतंय. कार्ड बदलण्याआधी ही दहा मिनिटं दिली असती तर कार्ड वाचलं असतं.

---

भोसरी५०हर्ट्झ | सकाळी ८:३०

सध्याच्या काळात २२० मीटर कंट्रोल वायर ओढतंय कोण? मॉडबस टाका, म्हणजे ड्राइव्हशी डेटाने बोलायची लाईन. दोन तारांत चालू, बंद, वेग, करंट, ट्रिपचं कारण, सगळं येतं.

---

नाना_वायरमन | सकाळी ८:५२

@भोसरी: नऊ दिवसांवर मोळी आहे भाऊ. घर जळत असताना विहिरीचा विषय नको.

---

पॅनेलमागचा | सकाळी १०:१५

नाना, केबल आर्मर्ड, १२ कोअर, १.५ चौरस मिमी, शिल्ड नाही. ट्रेंचमध्ये मोटरच्या पॉवर केबलशेजारूनच गेलीय, बरीच वाट खेटून. १२ कोअरमध्ये रन-स्टॉप-ट्रिप अशा तीन दिव्यांचे २३० व्होल्ट, वेगाचा ४-२० मिलिअँपिअर सिग्नल (४ म्हणजे शून्य वेग, २० म्हणजे पूर्ण), आणि चालू-बंदची आज्ञा. आज्ञासुद्धा २३० एसी आहे. कंट्रोल रूमचा स्विच लावला की पंपहाऊसमधल्या पॅनेलमध्ये एक छोटा प्लग-इन रिले ओढतो. त्या रिलेचा कॉन्टॅक्ट लोकल-रिमोट स्विचमधून ड्राइव्हच्या २४ व्होल्टच्या इनपुटला जातो. अंतर लांब म्हणून जुन्या ठेकेदाराने तसं केलं होतं.

रेणुकाताई, दुपारी करतो.

---

तांब्याची_तार | सकाळी १०:४४

४-२० आणि २३० एकाच केबलमध्ये, शिल्ड नाही आणि शेजारून व्हीएफडीची मोटर केबल! मोटर केबलमधून साधी ५० हर्ट्झची लाट जात नाही, हजारो हर्ट्झने चिरलेले व्होल्टेजचे तुकडे जातात. वेग हलणारच. सिग्नलला शिल्डेड ट्विस्टेड पेअर घ्या, मोटर केबलपासून किमान फूटभर लांब ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा.

---

अवधूत_मिरज | दुपारी १२:१०

हलण्याचं कारण तारभाऊंनी सांगितलं ते बरोबर. पण ४० चे ४२ आणि ३० चे ३४ हा गोंगाट नव्हे. गोंगाट इतका शिस्तीत वागत नाही.

४-२० मध्ये ५० पैकी ४० हर्ट्झ म्हणजे ८० टक्के. १६ च्या ८० टक्के १२.८, अधिक ४, झाले १६.८ मिलिअँपिअर. आता ड्राइव्हचं इनपुट चुकून ०-२० ला सेट असेल तर तो १६.८ ला २० ने भागतो. ८४ टक्के. म्हणजे ४२ हर्ट्झ. ३० चं बघा: १३.६ मिलिअँपिअर, ६८ टक्के, ३४ हर्ट्झ. तुमचे दोन्ही आकडे तंतोतंत बसले.

शून्य मागितलं की किती दाखवतो? १० दाखवत असेल तर पैज जिंकलो. ५० ला मात्र दोन्ही सेटिंग जुळतात, म्हणून ट्रायल फुल स्पीडवर घेणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

---

पॅनेलमागचा | दुपारी १२:२६

अवधूत, आत्ता पाहून आलो. शून्यावर १०.१! तीन दिवस आम्ही त्याला अर्थिंगचा दोष समजत होतो.

---

अवधूत_मिरज | दुपारी १२:३१

कार्ड बदललं की पॅरामीटर फॅक्टरीवर जातात. पण कार्डाआधीही असंच होतं म्हणजे कमिशनिंगपासूनचं आहे. ४ मिलिअँपिअर वाला पर्याय निवडा, आणि कार्डावरचा व्होल्टेज-करंटचा जंपर करंटवर आहे ना तेही पाहा.

---

शेतकरी_गडी | दुपारी १:०५

वाचतोय, निम्मं कळतंय. एक शंका. माझ्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे, रात्रीची लाईट आली की घरूनच मोटर चालू करतो. तोही कधीकधी बंद करायला ऐकत नाही. तेच दुखणं का? आणि पंपाला ड्राइव्ह कशाला लावतात?

---

नाना_वायरमन | दुपारी १:२२

@शेतकरी: तुमचं बहुधा कॉन्टॅक्टरचं दुखणं असणार. कॉन्टॅक्ट चिकटले की कॉइलची सप्लाय गेली तरी मोटर चालूच. पुढच्या वेळी स्टार्टरमधून आवाज येतो का ऐका. ‘खट्’ झालं नाही आणि मोटर चालू राहिली, तर मेन स्विच पाडून वायरमनला बोलवा. उघड्या स्टार्टरमध्ये काडी घालून कॉन्टॅक्टर सोडवायचा नाही. हात जोडून सांगतो.

पंपाला ड्राइव्ह वीज वाचवायला. पंपाची पॉवर वेगाच्या घनात उतरते. ५० चे ४० हर्ट्झ केले की हिशेबाने ५१ टक्क्यांवर येते. पाणी उंच चढवायचं असेल तर तेवढी उतरत नाही, पण इंजेक्शन पंपाला पुष्कळ फायदा.

---

मस्कतचा_मराठी | दुपारी ३:४०

वेगाचं सुटलं, छान. पण ‘बंद केला तरी बंद होत नाही’ हे मागे पडू देऊ नका. धागा काढणाऱ्यांचा प्रश्न आहे, पण माझ्या डोक्यात तोच घोळतोय.

दोनदा बंद झाला नाही तेव्हा वेळ काय होती? आणि स्विच बंद असताना त्या छोट्या रिलेच्या कॉइलवर किती व्होल्ट मिळतात?

---

पॅनेलमागचा | सायं. ६:५०

दुपारी रेणुकाताईंची चाचणी केली. दहापैकी तीनदा चालू केल्यावर बिट आला नाही. बंद मात्र दहाही वेळा व्यवस्थित झाला.

मस्कतकर, दोन्ही वेळा रात्रीच. एकदा साडेबारा, एकदा पावणेदोन. तुम्ही वेळ का विचारली?

---

मस्कतचा_मराठी | सायं. ७:३५

हंगामाआधी कारखान्यात लोड नसतो. रात्री गावाचाही लोड उतरतो, लाईनचं व्होल्टेज चढतं. २३० चे २५० होतात. आता पुढचं वाचा.

लांब केबलच्या दोन कोअर म्हणजे एक कपॅसिटर. १२ कोअरमध्ये तुमची आज्ञेची कोअर लाइव्ह कोअरना चिकटून २२० मीटर गेलीय. स्विच उघडला तरी शेजारच्या लाइव्ह कोअरमधून थोडा करंट या कोअरमध्ये झिरपतच राहतो. त्यात पंप चालू असताना रन दिव्याचीही कोअर लाइव्ह, म्हणजे भर पडली. मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल या दोनतीन मिलिअँपिअरला भीक घालत नाही. पण छोट्या प्लग-इन रिलेची २३० एसी कॉइल एकदीड व्हीएवर काम करते, तिला ओढायला भरपूर व्होल्टेज लागतं, धरून ठेवायला मात्र फार थोडं. म्हणजे हे चोरटं व्होल्टेज रिलेला उचलू शकत नाही, उचललेल्याला सोडू देत नाही. दिवसा काठावर सुटतो, रात्री सुटत नाही.

तुमच्या कीपॅडच्या लाल बटणाचं वेगळं आहे. बऱ्याच ड्राइव्हमध्ये एक पॅरामीटर असतो: स्टॉपचं बटण फक्त कीपॅड मोडमध्ये चालेल की कायम. तुमच्याकडे ते ‘फक्त कीपॅड’ला असणार.

---

नाना_वायरमन | सायं. ७:५८

मस्कतकर, दंडवत घ्या. रात्री बारानंतर डिजिटल मीटरने कॉइलवर मोजा. एक सावधगिरी: रिले काढून रिकाम्या बेसवर मोजलंत तर डिजिटल मीटर जास्तच दाखवेल, कारण त्याला करंट लागतच नाही. कॉइल जागेवर ठेवून मोजलं तरच ती खरोखर किती व्होल्टवर अडकलीय ते कळेल. आमच्या उमेदीत टेस्ट लॅम्प लावायचो, चोरटं व्होल्टेज असेल तर दिवा पेटतच नसे.

आणि कोणीतरी केबल मेगर करा, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासा, म्हणेल. करायचीच तर दोन्ही टोकं सोडवून. ड्राइव्ह जोडलेला असताना ५०० व्होल्टचा मेगर फिरवून इनपुट जाळलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

---

रेणुका_इन्स्ट्रु | रात्री ८:२०

दहापैकी तीनदा बिट आला नाही त्याबद्दल. त्या वेळी रिलेचा टिकटिक आवाज येत होता का? येत असेल तर कॉइल ठीक, कॉन्टॅक्ट दगा देतोय. २४ व्होल्टच्या इनपुटमधून पाचसात मिलिअँपिअर जातात. १० अँपिअरच्या कॉन्टॅक्टला एवढासा करंट म्हणजे हत्तीला तीळ. कॉन्टॅक्टवर धरलेला काळा थर ठिणगीने जळायला हवा, ती ठिणगीच पडत नाही. स्प्रे पाँडची दमट हवा त्यात भर घालते. स्विच दोनतीनदा फिरवल्यावर घेतो असं तुम्हीच लिहिलंत. लोकल-रिमोट स्विचचा ब्लॉकही तपासा, तोही त्याच वाटेत आहे. अशा जागी सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचे रिले घ्यावेत.

---

भोसरी५०हर्ट्झ | रात्री ९:१०

पुन्हा तेच म्हणतो, हंगामानंतर तरी मॉडबस करा. फक्त माझे दोन दिवस गेले तसे तुमचे जाऊ नयेत. ड्राइव्हच्या पुस्तकात आज्ञेचा रजिस्टर २००० हेक्स, म्हणजे ८१९२. आमच्या एचएमआयला (ऑपरेटरच्या स्क्रीनला) पत्ता ४०००१ पासून मोजायची सवय, म्हणून तिथे ४८१९३ लिहावं लागलं. एकाने चुकलात की ड्राइव्ह नुसता गप्प, फॉल्ट नाही, काही नाही. शिवाय ए आणि बी तारांची नावं सगळ्या कंपन्या सारखी वापरत नाहीत. बोलत नसेल तर आधी तारा उलटवून पाहा. १२० ओहमचे रेझिस्टर लाईनच्या दोन टोकांनाच, मधल्या ड्राइव्हला नाही.

---

मस्कतचा_मराठी | रात्री ९:३२

मॉडबसला विरोध नाही, पण बंद करण्याची एक तरी वाट सॉफ्टवेअरबाहेरची हवी. बऱ्याच ड्राइव्हमध्ये कम्युनिकेशन टाइमआउट मुळात बंद असतो. केबल तुटली तर ड्राइव्ह शेवटची आज्ञा धरून चालत राहतो. तो पॅरामीटर सेट करा, आणि इमर्जन्सी स्टॉप स्वतंत्र तारेने एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) टर्मिनलला न्या. एसटीओ मोटरचा टॉर्क काढून घेतो, वीज तोडत नाही. हात घालायचा तर ब्रेकर पाडून, कुलूप लावून, पुस्तकात लिहिलीत तेवढी मिनिटं थांबून, डीसी बस मोजून.

हे कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या नोकरीत कन्व्हेअरचा ड्राइव्ह कायम लावलेल्या स्विचवर चालायचा. लाईट गेली, पट्टा थांबला, फिटर रोलरमध्ये अडकलेलं पोतं ओढायला वाकला. स्विच चालूच होता. लाईट आली आणि ड्राइव्ह आपणहून सुरू झाला. त्याच्या स्वेटरची बाही गेली, हात वाचला. ती बाही कितीतरी दिवस पॅनेलच्या दाराला बांधलेली होती. त्यानंतर मी जिथे गेलो तिथे पहिला पॅरामीटर हाच पाहिला: वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचं की नवी आज्ञा मागायची.

---

तांब्याची_तार | रात्री ९:५०

मस्कतकर, हे वाचून उद्या आमच्या दोन कन्व्हेअरचं सेटिंग बघणार आहे. खरंच आठवत नाही काय ठेवलंय.

---

पॅनेलमागचा | बुधवार, पहाटे १:४८

झोपायच्या आधी लिहितोच.

१२:४० ला पंप चालू केला, रिमोटवरून बंद केला. पंप चालूच. रिले जागेवर ठेवून कॉइलवर मोजलं: ८६ व्होल्ट. रिलेच्या पारदर्शक टोपणातून आतली पट्टी ओढलेली स्पष्ट दिसत होती, बारीक थरथरत होती. मग कंट्रोल रूममधल्या माणसाला दिव्यांचा फ्यूज काढायला सांगितलं. त्याने फ्यूज काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत पट्टी सुटली, पंप उतरायला लागला. पंपहाऊसमध्ये मी आणि हेल्पर दोघंच. दोघेही ओरडलो.

---

नाना_वायरमन | सकाळी ६:१०

शाब्बास! आता तो फ्यूज काढलेलाच ठेवा, दिव्यांवाचून काही अडत नाही. २४ व्होल्ट डीसी कॉइलचा रिले बसवा, डीसीला ही झिरप बाधत नाही. फक्त २२० मीटर जाऊन-येऊन व्होल्टेज किती पडतं ते मोजा, छोट्या रिलेला फारसं पडणार नाही. आज रिले मिळाला नाही तर २३० च्या कॉइलला समांतर योग्य वॅटचा रेझिस्टर किंवा आरसी मॉड्यूल लावून वेळ मारून नेता येईल.

---

पॅनेलमागचा | शुक्रवार, रात्री ८:१५

तालुक्याच्या गावी २४ डीसीचा, सोन्याच्या मुलाम्याच्या कॉन्टॅक्टचा रिले मिळाला नाही, कोल्हापूरहून आणवला. आज्ञा आता २४ डीसीवर. दिवे २४ व्होल्टचे एलईडी केले, केबलमध्ये २३० उरलंच नाही. वेगाच्या सिग्नलला वेगळी शिल्डेड पेअर भिंतीवरच्या ट्रेमधून नेली, शिल्ड कंट्रोल रूमकडे अर्थ केली. इनपुट ४-२० केलं. लोकल-रिमोटचा ब्लॉक उघडला तर आत हिरवट बुरशी चढलेली, नवा टाकला. काल आणि आज रात्री मिळून ४० वेळा चालू-बंद केला. एकदाही चुकला नाही. ४० मागितले की ४०.०, आकडा हलत नाही. ड्राइव्ह बदलायचा प्रस्ताव साहेबांनी मागे घेतला.

एक विचारायचं राहिलं. ४-२० ची तार तुटली तर ड्राइव्हने काय करावं? ट्रिप, किमान वेग, की शेवटचा वेग धरून अलार्म?

---

अवधूत_मिरज | रात्री ८:४०

ट्रिप. सिग्नल गेला की मशीन थांबलं पाहिजे.

---

रेणुका_इन्स्ट्रु | रात्री ९:०२

इथे नाही पटत. इंजेक्शन पंप थांबला की कंडेन्सरचं पाणी जातं, व्हॅक्यूम पडतो, पॅनमध्ये शिजत असलेला माल अडकतो. एका सुट्या तारेपायी अख्खं बॉयलिंग हाऊस थांबवायचं? शेवटचा वेग धरावा आणि कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजावा. बंद करायची आज्ञा वेगळ्या तारेने जातेच आहे, ती शाबूत राहील.

---

अवधूत_मिरज | रात्री ९:११

बरोबर आहे ताई. माझ्या डोळ्यांपुढे ऊस कॅरिअर होता. तिथे मात्र ट्रिपच हवं.

---

पॅनेलमागचा | रात्री ९:२५

मग इंजेक्शनला शेवटचा वेग अधिक भोंगा, कॅरिअरला ट्रिप. उद्या सकाळी कॅरिअरच्या तिन्ही ड्राइव्हचे पॅरामीटर तपासतो, आणि मस्कतकरांचा आपोआप सुरू होण्याचा पॅरामीटर सगळ्याच ड्राइव्हवर. यादी काढली, एकूण २३ भरतात. मोळीला पाच दिवस आहेत.